भैरोबाचा फोटो : चार दिवस कोयनेच्या पाण्याकाठी

दिवस पहिला : मुंबई ते सातारा

आजी गेली त्याला दोन वर्षं होऊन गेली. गेल्या दिवाळीत देव्हारा रंगवायला काढला, तेव्हा खंडोबाच्या तसबिरीमागचा पुठ्ठा सुटला आणि आतून एक फोटो खाली पडला. पत्त्याच्या पानाएवढा, काळापांढरा, कडा पिवळ्या पडलेल्या. एका कौलारू देवळापुढे वीसेक माणसं. पुरुषांच्या डोक्यावर टोप्या नि पागोटी, बायका नऊवारीत, पुढे मांडी घालून बसलेली पोरं. देवळाच्या भिंतीला टेकवलेली एक वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव स्मारकदगड. मागे डोंगराची लांब रांग. एका कडेला शर्ट-पँट घातलेला एकच तरुण आहे, ते आमचे आजोबा. लालबागच्या गिरणीत लागलेले, म्हणून पँट. दुसऱ्या कडेला एका पोरीचा अर्धाच चेहरा आलाय, बाकीची फोटोच्या बाहेर राहिलीय.

फोटोत आजी नाही. आणि फोटो मात्र आजीनेच जपलेला.

अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, एवढंच आठवत होतं की लहानपणी एकदा हा फोटो त्यांच्या हाती लागला होता आणि आजी म्हणाली होती, "हा आमचा भैरोबा." पुढे विचारायच्या आत तिने तो काढून घेतला. आजोबा फोटोत, आजी नाही, म्हणून घरात सगळ्यांनी धरून चाललं की हा आजोबांच्या गावचा, लग्नाआधीचा फोटो. मला ते पटत नव्हतं. आजोबांच्या गावचं देऊळ मी जन्मापासून बघतेय. ते काळ्या दगडाचं, शिखर असलेलं. आणि लग्न झालेली बाई "आमचा" म्हणते तेव्हा तो कुठला आमचा, सासरचा की माहेरचा? आजीचं माहेर कोयनेच्या पाण्यात गेलं. अप्पा तेव्हा जन्मलेही नव्हते, त्यांनी आपलं आजोळ कधी पाहिलं नाही. माझ्या मनाने तेव्हाच घेतलं होतं, पण मनाने घेतलं म्हणजे ठरलं असं नाही. म्हणून मे महिन्यात, पाणी सगळ्यात खाली गेलेलं असताना जायचं ठरवलं. अप्पा सोबत आलेच.

पहाटेच्या एसटीने निघालो, दुपारी साताऱ्यात उतरलो. बामणोलीची गाडी सकाळची धरायची होती, म्हणून मुक्काम साताऱ्यातच. हातात संध्याकाळ होती. मोती चौकापासून थोडं आत एक जुना फोटो स्टुडिओ आहे. तिथले काका सत्तरीचे, डार्करूममध्ये उमेदीची वर्षं घालवलेले. त्यांनी फोटो हातात घेण्याआधी हात धुतले, पुसले आणि कडेने धरला. तेवढ्याने मला त्यांच्याबद्दल विश्वास वाटला.

आधी त्यांनी फोटो उलटा केला. मागे पुसट जांभळा शिक्का होता, त्यातलं "परळ" एवढंच लागत होतं. त्यांनी टेबललॅम्पखाली कागद तिरपा धरला आणि मला दाखवलं, फिकट करड्या अक्षरात आडवंतिडवं 'वेलॉक्स' छापलेलं होतं. कोडॅकचा हा कागद कॉन्टॅक्ट प्रिंटसाठी वापरत. निगेटिव्ह मोठी करायची नाही, तशीच कागदावर दाबून ठेवायची, वरून दिवा द्यायचा. निगेटिव्ह जेवढी, तेवढाच फोटो. "म्हणजे हा बॉक्स कॅमेरा," काका म्हणाले. "सव्वादोन बाय सव्वातीन इंच. एका रोलवर आठ फोटो. गावोगाव फिरणाऱ्या फोटोवाल्याचं हे काम नाही. तो तिपाईवर मोठा कॅमेरा लावायचा, माणसं नीट मांडायचा. इथे बघा, एक पोर अर्धी कापलीय. हा घरच्या माणसाने काढलाय, आणि रोल मुंबईला धुतलाय."

मग त्यांनी भिंगाने फोटोचा खालचा भाग दाखवला. तिथे जमिनीवर एक काळपट डाग आहे, मी तो इतके दिवस ओल लागली असेल म्हणून सोडून दिला होता. "डाग नाही हा. काढणाऱ्याची सावली. बॉक्स कॅमेऱ्याबरोबरच्या कागदावर लिहिलेलंच असायचं, सूर्य पाठीशी ठेवा. मग सावली पुढे पडणारच. ही कोपरं बघा, दोन्ही बाहेर आलेली. कॅमेरा पोटाशी धरून वरून आत बघायचं असतं त्यात." भिंग थोडं वर सरकवून ते जरा थांबले. "डोक्यावर काहीतरी आहे. टोपी नाही. पागोटंही नाही, खांद्यापर्यंत उतार आहे. घोंगडी असेल थंडीची."

त्यांनी फोटो स्कॅन करून मोबाइलवर पाठवला आणि पैसे घेतले नाहीत. आम्ही कंदी पेढे घेतले, पाव किलो त्यांना दिले, उरलेले उद्यासाठी.

दिवस दुसरा : सातारा ते बामणोली

यवतेश्वरचा घाट चढून गाडी कासच्या पठारावर आली. लोकांनी कास पाहिलेलं असतं ते भाद्रपद-अश्विनातलं, फुलांचं. मेमध्ये तिथे नुसता करपलेला जांभा असतो, वारा आणि रस्त्याकडेला करवंदांच्या जाळ्या. मला ते पठार असंही आवडतं. कास तलाव मागे पडला की रस्ता उतरायला लागतो आणि एका वळणावर खाली शिवसागर, कोयना धरणाचा जलाशय, दिसतो. अप्पांनी दर वेळी करतात तसे हात जोडले. मी लहान असताना विचारलं होतं, पाण्याला का नमस्कार? तेव्हा ते म्हणाले होते, पाण्याला नाही, खाली गावं आहेत.

हे धरण १९६४ साली पुरं झालं. १०३ मीटर उंच, ८०७ मीटर लांब. पाणी त्याआधी दोनेक वर्षांपासूनच चढायला लागलं होतं. धरणात अडवलेलं कोयनेचं पाणी पूर्वेला कृष्णेकडे न जाता बोगद्याने सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला काढलं, पोफळीला जमिनीखालच्या वीजघरात सोडलं आणि पुढे वाशिष्ठीत. त्या विजेवर मुंबई, तिथले कारखाने, गिरण्या. आणि गिरण्यांत, गोदीत, मसजिद बंदरच्या माथाडी टोळ्यांत कोण? जावळी आणि पाटणचीच माणसं. आजोबांनी आयुष्यभर ज्या दिव्याखाली साचे चालवले, त्या दिव्यात त्यांच्या सासरवाडीची जमीन जळत होती. अप्पा हे वाक्य वरचेवर बोलतात आणि दर वेळी त्यांचा आवाज बदलतो.

दुपारी गावी पोचलो. चुलत काकांनी फोटो बघताक्षणी मान हलवली. "हे आपलं देऊळ न्हवं. आपल्या देवळाला कौलं कधीच न्हवती." मग बराच वेळ बघून, "वहिनीच्या माहेरचं असंल. पर ते गाव कुठं होतं ते आता नुसतं हात करून दावायचं," असं म्हणत त्यांनी ओटीवरूनच पाण्याच्या मधोमध हात केला.

गाव बुडालं तरी डोंगर बुडत नाही, एवढ्यावरच माझी सगळी भिस्त होती. फोटोत देवळामागे जी रांग आहे, तिची वरची कड स्वच्छ आलीय. एक लांब सपाट माथा, त्याला लागून खोल खाच आणि खाचेपलीकडे बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा. माणसाने फोटो जिथून काढला तिथूनच ही तीन एकमेकांशी अशी दिसणार. दोनशे पावलं सरकलं की जवळची सोंड लांबच्या खाचेवर चढते नाहीतर तिच्यापासून सुटते. म्हणजे रांग सापडली की उभं राहायची जागाही सापडते.

दिशाही अंदाजाने काढता येत होती. आमच्या भागात भैरोबाची देवळं बहुतेक पूर्वाभिमुख. सूर्य काढणाऱ्याच्या पाठीशी, सावली देवळाकडे, म्हणजे सकाळ. म्हणजे मागची रांग पश्चिमेची, सह्याद्रीची मुख्य धार, वासोटा किल्ल्याच्या बाजूची. मी आणि चुलत भाऊ दुपारभर काठाने हिंडलो. पाणी ओसरून चिखल वाळला होता आणि त्याच्या भेगांत पाय अडकत होते. जुन्या शेतांचे बांध उघडे पडले होते. एका ठिकाणी घराचं जोतं लागलं आणि त्यात पालथी पडलेली जात्याची खालची तळी. मी ती सरळ केली नाही, होती तशीच राहू दिली.

वासोट्याचा सपाट माथा भावाने बोट करून दाखवला. खाचही होती. पण वशिंड भलत्याच बाजूला. फोटोत ते उजवीकडे, डोंगरात डावीकडे. उत्तरेला जाऊन पाहिलं, दक्षिणेला जाऊन पाहिलं, टेकाडावर चढून पाहिलं. वशिंड काही उजवीकडे येईना. संध्याकाळी परतताना मी पार खचले होते. वाटलं, हे खोरंच नव्हे.

रात्री वीज गेली होती. अंगणात बसून मी मोबाइलवर फोटो मोठा करून एकेक चेहरा बघत होते. काकू शेजारी लसूण सोलत होत्या. त्यांनी वाकून पाहिलं आणि सहज म्हणाल्या, "ह्या बायांनी नथी उजव्या नाकात का घातल्यात गं?"

मी बघतच राहिले. सगळ्यांच्याच नथी उजव्या नाकपुडीत. आजोबांच्या शर्टाचा खिसाही उजव्या छातीवर. परळला ज्याने हा फोटो छापला, त्याने निगेटिव्ह कागदावर पालथी ठेवली होती! साठ वर्षं आम्ही आरशातलं चित्र बघत होतो.

मोबाइलवर फोटो उलटा करायला एक बोट लागतं. उलटला आणि वशिंड डावीकडे गेलं. आणखी एक गोष्ट झाली. देवळाच्या लाकडी खांबावर एक पांढरा फरकाटा होता. घरात कोणी त्याला चुन्याचा शितोडा म्हणे, कोणी अर्धवट ओंकार. तो फरकाटा आता वाचता आला. २७. चुन्याने लिहिलेला आकडा. काकांना दाखवला. ते उठून बसले. "मोजणीवाल्यांनी टाकलेला नंबर हाय ह्यो. माझा बा सांगायचा, बुडितातल्या दर घरावर असा आकडा टाकला होता, देवळावर बी."

म्हणजे फोटो लग्नाआधीचाही नव्हता. मोजणी होऊन गेल्यावर आणि पाणी चढायच्या आधी, त्या मधल्या काळातला होता. आजी-आजोबांचं लग्न तोवर होऊन गेलं होतं. आजोबा त्या देवळापुढे जावई म्हणून उभे होते.

मग आजी कुठे होती?

दिवस तिसरा : पाण्यावर

फोटोतली वेळ गाठायची म्हणून सकाळी लवकर लाँच घेतली. लाँचवाले दादा वासोट्याला जाणाऱ्या ट्रेकर मंडळींची रोज ने-आण करतात. त्यांना सगळं सांगितलं, तर आमच्यापेक्षा त्यांनाच जास्त घाई झाली. मी पुढे टोकावर बसले, मोबाइल डोळ्यासमोर धरून. जवळच्या सोंडेचं टोक फोटोत बरोबर खाचेच्या तळाशी येतं. आम्ही निघालो तेव्हा ते खाचेच्या बरंच डावीकडे होतं. लाँच जशी दक्षिणेला सरकली तसं टोक हळूहळू उजवीकडे सरकू लागलं. "जरा अजून. जरा अजून. थांबा, मागे."

दादांनी इंजिन बंद केलं.

सपाट माथा, खाच, सोंडेचं टोक, वशिंड. चारही आपापल्या जागी. अगदी काटेकोर म्हणणार नाही, कारण आम्ही पाण्याच्या पाठीवर होतो आणि फोटो काढणारं माणूस त्याच्या कितीतरी खाली जमिनीवर उभं होतं, तेवढा फरक कडेत दिसतोच. पण देऊळ याच पाण्याखाली, आमच्यापुढे पाचपन्नास पावलांवर कुठेतरी. कोणी बोललं नाही. लाँच वाऱ्याने गोल फिरायला लागली की रांग सरकायची आणि दादा वल्ह्याने परत तोंड सरळ करायचे. अप्पांनी खिशातून एक पेढा काढला, पाण्यात सोडला आणि डोळे पुसले. साठी गाठलेला माणूस पहिल्यांदा आजोळी आला होता.

आजीच्या माहेरची काही घरं पाणी चढलं तशी डोंगराच्या वरच्या अंगाला सरकली, बाकीची दूरच्या जिल्ह्यांत पुनर्वसनाला गेली. वर सरकलेली वस्ती लाँचमधून दिसत होती. तासाभराची चढण आहे, सावली अशी नाही. वर पोचल्यावर आधी देऊळ गाठलं. साधं, पत्र्याचं. दाराशी वीरगळ उभी केलेली, शेंदूर न लावलेली. खाली लढणारा वीर, मध्ये त्याला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपिंडी पूजणारा तोच वीर. वरचा डावा कोपरा फुटलेला. आमच्या कागदावरच्या फोटोत फुटलेला कोपरा उजवा आहे, मोबाइलवर उलटलेल्या फोटोत डावा. मी त्या फुटक्या कोपऱ्यावर हात ठेवून उभी राहिले. एवढं वजन माणसांनी खांद्यावर वर आणलं होतं.

"आधी देव आणला, मग हा दगुड, मग भांडी," मागून आवाज आला. एक म्हातारी काठी टेकत आली होती. अप्पांनी आजीचं माहेरचं नाव सांगितलं. तिने काठी भिंतीला लावली आणि अप्पांच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले. आजीची चुलत बहीण होती ती, धाकटी. अप्पांची मावशी, माझी आजीच.

तिच्या ओटीवर बसून ताक प्यायलो. इथे वर्षं सांगायची तिची रीत वेगळी आहे. 'पाण्याच्या आधी', 'पाण्याच्या मागनं' आणि 'भूकंपाच्या साली'. तो भूकंप ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा. त्यात नव्याने बांधलेलं देऊळही पडलं, म्हणून आता पत्र्याचं. मी आधी मोबाइल दाखवला, पण तिला काचेतलं दिसेना. मग कागदावरचाच फोटो तिच्या हातात दिला, उलटा छापलेला असला तरी. तिने तो उन्हात धरला. एकेकावर बोट ठेवत नावं घेऊ लागली. हा थोरला भाऊ, ही त्याची बायको, हा गुरव, ही पोरं अमक्याची. मी वहीत उतरवत गेले. आजोबांवर बोट आलं तेव्हा ती हसली. "दाजी. मुंबईस्नं कॅमेरा आणला हुता कुणाचा तरी मागून. म्हनला, मोजनी झाली, आता गाव ऱ्हात न्हाय, समद्यांनी देवळाम्होरं या. समदी आली. मग थोरली मंडळी म्हनली, जावायाबिगर फोटू कसला? तुमी बी हुबं ऱ्हावा. आन मग काढायचा कुनी?"

मी लिहायची थांबले.

"आक्कानं. दाजीनं तिला दावलं हितं धर, हितं दाब, हलू नगंस. डोईवरचा पदर सावरत धरला तिनं त्यो डबा प्वाटाशी. म्हातारी मानसं म्हनत हुती, बाईमानसानं कसला फोटू काढायचा. तिनं ऐकलं न्हाय. श्वास धरून हुबी ऱ्हायली आन दाबलं."

कडेच्या अर्ध्या पोरीवर तिचं बोट आलं आणि तिथेच राहिलं. "ही मी. मी तिला म्हनत हुते, आक्का मी दिसतीया न्हवं? ती म्हनली, दिसतीयास. आन ही बघ."

फोटो तिने तेव्हा पाहिलाच नव्हता. रोल मुंबईला गेला, धुऊन आजीकडे राहिला. तोवर गाव उठलं होतं, माणसं पांगली होती. दाखवायचा तर कोणाला, कुठे जाऊन? मावशी-आजीने आपला अर्धा चेहरा साठेक वर्षांनी पहिल्यांदा त्या दुपारी पाहिला. ती बराच वेळ फोटो हातात धरून बसली. मी परत मागितला नाही. संध्याकाळी उतरायची वेळ झाली तेव्हा तिनेच तो पदराच्या टोकाने पुसून माझ्या हातात दिला. म्हणाली, "एक माझ्यासाठी करून आण. सरळ बाजूचा."

दिवस चौथा : परत साताऱ्यात

सकाळच्या गाडीने सातारा. स्टुडिओतल्या काकांना नथीचं सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. हे आपल्याला परवाच दिसायला हवं होतं, असं ते दोनदा म्हणाले. सावलीचं सांगितलं तेव्हा त्यांनी भिंग पुन्हा काढलं आणि खाली वाकून पाहिलं, खांद्यावर उतरणारा तो पदर.

त्यांनी स्कॅन सरळ केला. डाग, ओरखडे काढू का, असं विचारलं. मी नको म्हटलं. सावली तर अजिबात नको. पोस्टकार्डाएवढ्या चार प्रती काढल्या. एक मावशी-आजीला, एक गावी चुलत काकांच्या घरी, एक पुनर्वसनात गेलेल्या आजीच्या भाच्यांना, एक आमची. बामणोलीच्या गाडीने पहिल्या दोन लगेच रवाना केल्या. भाऊ उतरवून घेणार होता, आणि लाँचवाल्या दादांनी वर नेऊन द्यायचं कबूल केलं होतं.

फोटोमागे शाईने लिहू नये, शाई पुढे उमटते, असं काकांनी बजावलं आणि स्वतःची मऊ पेन्सिल दिली. तिथेच काउंटरवर बसून मी वहीतली नावं उतरवली. मावशी-आजीने सांगितलेला क्रम उलटा लावावा लागला, कारण आता डावी बाजू डावी झाली होती. सगळ्यात पहिलं नाव आजोबांचं, सगळ्यात शेवटचं अर्ध्या पोरीचं. त्याखाली गाव, तालुका जावळी, 'पाण्याच्या आधी'. मग अप्पांनी पेन्सिल माझ्या हातातून घेतली आणि आपल्या अक्षरात लिहिलं, "फोटो काढणारी", आणि पुढे आजीचं माहेरचं नाव.